व्हीलचेअर आणि विमान: तिकिटावरचा तो एक कोड

ताज्या भागाचा हा लेखी मजकूर. बसमध्ये आहात, हेडफोन घरी राहिलेत, तर वाचून घ्या. बोलताना येणारे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' तेवढे काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

या भागाला निमित्त झालं एका श्रोतीच्या मेसेजचं. ती लिहिते: "दादा, माझा भाऊ इलेक्ट्रिक व्हीलचेअर वापरतो. पुण्याहून दिल्लीला इंटरव्ह्यूला जायचंय. विमानात खुर्ची घेतात का? बॅटरीचं काय? आणि तो सीटपर्यंत पोचणार कसा? आई म्हणते, नकोच ते, ट्रेनने जा."

आईची काळजी खोटी नाही. पण उत्तर 'ट्रेनने जा' हे नाही. उत्तर असं आहे की विमान कंपनीला 'व्हीलचेअर हवी' एवढंच सांगून थांबायचं नाही. नेमकी कसली मदत हवी ते त्यांच्या भाषेत सांगायचं. हा फरक किती मोठा असू शकतो ते आधी ऐका.

12 फेब्रुवारी 2024. न्यूयॉर्कहून आलेलं एअर इंडियाचं विमान मुंबईत उतरलं. त्यात एक वयस्कर जोडपं होतं, आजोबा 80 वर्षांचे. व्हीलचेअर आधीच मागितलेली होती. दाराशी मिळाली एकच. ती पत्नीला दिली. दुसरी येईपर्यंत थांबा, असं आजोबांना सांगितलं होतं, असं कंपनीचं म्हणणं. ते पत्नीबरोबर चालत निघाले आणि इमिग्रेशनपाशी कोसळले. गेले. त्या विमानात व्हीलचेअर मागणारे 32 जण होते आणि खुर्च्या होत्या 15, असं त्या वेळच्या बातम्यांत आलं होतं. डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, एअर इंडियाला 30 लाख रुपये दंड केला आणि सगळ्याच कंपन्यांना बजावलं की पुरेशा व्हीलचेअर ठेवा.

दंड योग्यच होता. पण 32 जणांना खुर्ची लागते कशी, हाही प्रश्न आहे, आणि तो आपल्या घरांपर्यंत येतो.

चार गरजा, चार कोड

आपल्याकडे काय होतं बघा. आई-बाबा पहिल्यांदा मुलीकडे न्यू जर्सीला निघतात. इंग्रजी बोलायची धास्ती, मध्ये कुठेतरी विमान बदलायचं, गेट शोधायचं. मग मुलगी तिकडून बुक करताना व्हीलचेअरच्या चौकटीवर टिक करते. कोणीतरी बरोबर राहील, रांगेत उभं राहावं लागणार नाही, हा विचार. त्यात लबाडी आहे असं मी म्हणणार नाही. काळजीपोटी केलेलं असतं. पण त्या दोघांना खुर्ची नको असते, सोबत हवी असते. त्यासाठी वेगळी सेवा असते, 'मीट अँड असिस्ट'. कोड एमएएएस. सगळ्या कंपन्या ती सारखीच देतात असं नाही, काही ठिकाणी पैसेही पडतात. पण आधी ती मागून बघा. एक खुर्ची मोकळी राहते, आणि ती कोणाला तरी खरंच लागणार असते.

आता खुर्चीचे कोड. तीन आहेत. पाठ करा, नाहीतर स्क्रीनशॉट काढा.

डब्ल्यूसीएचआर: लांब चालवत नाही, पण जिना चढता येतो आणि विमानात आपल्या पायांनी सीटपर्यंत जाता येतं. गुडघे दुखणारी आजी यात बसते.

डब्ल्यूसीएचएस: जिना जमत नाही, पण आत गेल्यावर चार पावलं टाकता येतात.

डब्ल्यूसीएचसी: अजिबात चालता येत नाही. घरापासून सीटपर्यंत सगळं चाकांवर किंवा उचलून. मेसेज करणाऱ्या ताईचा भाऊ हा.

बऱ्याच ॲपमध्ये या तिघांसाठी नुसती 'व्हीलचेअर' अशी एकच चौकट असते. टिक केलं की अनेकदा पहिला, सगळ्यात हलका कोड पडतो. मग प्रवासाच्या दिवशी एक मुलगा साधी खुर्ची घेऊन येतो, विमान लांब उभं असतं, समोर जिना, आणि मग कोणीतरी म्हणतं, "सर, दोन मिनिटं उभं राहता येईल का?" त्या मुलाची चूक नसते. त्याच्या कागदावर डब्ल्यूसीएचआरच लिहिलेलं असतं.

म्हणून बुकिंग झालं की फोन करायचा. उड्डाणाच्या किमान 48 तास आधी. "पॅसेंजरला चालता येत नाही, डब्ल्यूसीएचसी टाका" असं सांगायचं आणि दुरुस्त केलेलं तिकीट मेलवर मागवायचं. फोनवरच्या 'हो मॅडम, झालं' वर थांबू नका. मेल हवा.

पुण्यातून निघताना

लोहगावचं नवीन टर्मिनल जुलै 2024मध्ये सुरू झालं. एरोब्रिज वाढले. एरोब्रिज मिळाला तर टर्मिनलच्या दारातून थेट विमानाच्या दारापर्यंत सपाट रस्ता, चाकं सरळ जातात. पण विमान लांबच्या जागेवर उभं असलं तर बस आणि मग जिना. कुठलं मिळणार ते आधी कळत नाही. जळगाव, सिंधुदुर्ग अशा मार्गांवर फ्लाय91 सारख्या कंपन्या छोटी एटीआर विमानं वापरतात. त्यांचं प्रवाशांचं दार मागच्या बाजूला, आणि त्याला विमानाचाच अरुंद जिना. एरोब्रिजचा प्रश्नच नाही.

अशा वेळी मागायची गोष्ट म्हणजे ॲम्बुलिफ्ट. ट्रकवर बसवलेली एक खोली समजा. खुर्चीसकट माणूस आत जातो, खोली कात्रीसारखी वर उचलली जाते आणि विमानाच्या दाराला टेकते. ती नसेल तर रॅम्प किंवा दुसरी काय सोय आहे, ते फोनवरच विचारून ठेवा. दोघांनी हाताने उचलून जिना चढवणं हा पर्याय कोणी सुचवला तर नाही म्हणायचा हक्क तुम्हाला आहे. पावसाळ्यात ओल्या लोखंडी पायऱ्यांवर एकाचा पाय सरकला की तिघं पडतात.

विमानाच्या दाराशी आपली खुर्ची आपल्यापासून वेगळी होते. विमानातली मधली वाट इतकी अरुंद असते की नेहमीची व्हीलचेअर आत जातच नाही. तिथे 'आयल चेअर' येते. पट्टे लावलेली, हात नसलेली, चिंचोळी खुर्ची. तिच्यावर बसवून सीटपर्यंत नेतात आणि मग सीटवर सरकवतात. इथे एक छोटी गोष्ट माहीत असली तर फार त्रास वाचतो. वाटेकडच्या सीटचा हात वर होत नाही असं वाटतं, पण बऱ्याच सीट्सना त्या हाताखाली, बिजागरीजवळ, एक लपलेलं बटण किंवा खटका असतो. तो दाबला की हात वर जातो आणि माणसाला त्यावरून उचलून घ्यावं लागत नाही. क्रूला विचारा, त्यांना माहीत असतं.

ज्यांना कमरेखाली संवेदना नाही त्यांनी आपली उशी, म्हणजे व्हीलचेअरचं कुशन, काढून विमानातल्या सीटवर घ्यावी. दोन तास कडक सीटवर एकाच जागी दाब पडला तर कातडीला जखम होते आणि ती दुखत नाही म्हणून कळतही नाही. ती भरायला महिने जातात. खडकीला पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे, मणक्याला इजा झालेल्या जवानांचं. अशा जखमा म्हणजे काय हे तिथल्या कुठल्याही माणसाला विचारा.

टॉयलेटबद्दल कोणी बोलत नाही, मी बोलतो. पुण्याहून सुटणारी बहुतेक विमानं एका वाटेची, ए320 किंवा 737. त्यांच्या टॉयलेटमध्ये व्हीलचेअर जाण्याचा प्रश्नच येत नाही. धडधाकट माणूसही आत वळताना कोपर आपटतो. त्यामुळे अनेकजण आदल्या रात्रीपासून पाणीच पीत नाहीत. अमेरिकेने 2023मध्ये एका वाटेच्या नव्या विमानांत मोठी टॉयलेट सक्तीची करणारा नियम केला, पण तो लागू होणार 2033नंतर मागवलेल्या विमानांना. म्हणजे आपल्या भावाला सध्या टर्मिनलमधलं दिव्यांगांसाठीचं टॉयलेट वापरून, बोर्डिंगच्या अगदी आधी, निघावं लागणार. त्यासाठी बोर्डिंगची वेळ क्रूकडून नीट विचारून घ्या, कारण व्हीलचेअरवाल्यांना बहुधा सगळ्यात आधी चढवतात आणि सगळ्यात शेवटी उतरवतात. दोन तासांचं उड्डाण प्रत्यक्षात तीन-साडेतीन तास सीटवर होतं.

बॅटरीचं गणित

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. लिथियम बॅटरीला इजा झाली, शॉर्ट झाली, तर ती स्वतःच तापत जाते आणि पेटते. सामानाच्या कप्प्यात असं झालं तर तिथे हात पोचत नाही. केबिनमध्ये झालं तर क्रू विझवू शकतो. सगळे नियम या एका गोष्टीवर उभे आहेत.

खुर्चीची लिथियम बॅटरी सहज निघणारी असेल तर ती काढून आपल्याबरोबर केबिनमध्ये घ्यायची. टोकं टेपने झाकायची, स्वतंत्र पिशवीत ठेवायची. मर्यादा: एक बॅटरी असेल तर 300 वॅट-अवर, दोन असतील तर प्रत्येकी 160. बॅटरीवर वॅट-अवर लिहिलेलं नसेल तर व्होल्ट गुणिले ॲम्पियर-अवर करा. 24 व्होल्ट, 10 ॲम्पियर-अवर म्हणजे 240. चालेल. 24 व्होल्ट, 20 ॲम्पियर-अवर म्हणजे 480. ती काढून केबिनमध्ये नेता येणार नाही. म्हणून घडीची इलेक्ट्रिक व्हीलचेअर विकत घेतानाच हा गुणाकार करा. दुकानदार 'एकदा चार्ज केली की 25 किलोमीटर' हे कौतुकाने सांगतो, विमानाचं सांगत नाही.

बॅटरी खुर्चीतच पक्की बसवलेली असेल तर ती तिथेच राहते, पण वीज तोडलेली आणि टोकं झाकलेली हवीत. जुन्या प्रकारच्या, न सांडणाऱ्या लेड-ॲसिड किंवा जेल बॅटऱ्यांचंही तसंच. बॅटरीचा प्रकार, वॅट-अवर, खुर्चीचं वजन आणि मापं कंपनीला त्याच फोनवर सांगून ठेवा. काउंटरवर वाद नको असेल तर बॅटरीवरच्या लेबलचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

आणि खुर्चीची उंची मोजा. 737 विमानाच्या सामानाच्या दाराची उंची जेमतेम 85 ते 90 सेंटीमीटर असते. पाठ उंच असलेली खुर्ची उभी आत जातच नाही, म्हणून ती आडवी पाडतात. खुर्च्या मोडतात त्या इथे. पाठ खाली घडी होत असेल तर ती कशी, ब्रेक कुठे, मोटर सोडवून ढकलायची कशी, हे एका कागदावर हिंदी-इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहून खुर्चीलाच बांधा. जॉयस्टिक, कुशन, डोक्याचा टेकू, जे निघतं ते काढून हातात घ्या.

काउंटरवर खुर्ची देण्यापूर्वी तिचे चारही बाजूंनी फोटो काढा. तिथेच, टर्मिनलच्या आत. लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे. धावपट्टीच्या बाजूला, विमानापाशी फोटो काढायला बंदी आहे. 'विमानाच्या दारात काढू' म्हणून थांबलात तर राहून जाईल.

खुर्चीची एवढी काळजी कशाला, नवीन घेता येते की, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक गोष्ट. एन्ग्रासिया फिगरोआ ही अमेरिकेतली दिव्यांग हक्कांसाठी काम करणारी कार्यकर्ती. जुलै 2021मध्ये विमानप्रवासात तिची खास तिच्या शरीराच्या मापाची व्हीलचेअर मोडली. विमानतळावर तिला तासन्‌तास साध्या खुर्चीत बसावं लागलं. त्यातून झालेली जखम चिघळली आणि 31 ऑक्टोबर 2021ला ती वारली. त्यानंतर तिकडच्या सरकारने याकडे गांभीर्याने बघितलं. ऑक्टोबर 2024मध्ये अमेरिकन एअरलाइन्सला व्हीलचेअर वापरणाऱ्या प्रवाशांना दिलेल्या वागणुकीबद्दल 5 कोटी डॉलरचा दंड झाला. आपल्याकडे मात्र खुर्ची अजून 'सामान' या खात्यातच पडते. 2019च्या प्रवासी सनदेप्रमाणे देशांतर्गत प्रवासात सामानाची भरपाई जास्तीत जास्त 20 हजार रुपये. लाखभराच्या खुर्चीला 20 हजार! परदेशी प्रवासात मॉन्ट्रियल करारामुळे मर्यादा बरीच जास्त आहे, आणि चेक-इनच्या वेळी खुर्चीची खरी किंमत जाहीर करून, लागेल ते शुल्क भरून, ती वाढवताही येते. महागडी खुर्ची असेल तर वेगळा विमा बघाच.

सिक्युरिटी, आणि 90 सेकंद

तपासणीच्या जागी उभं राहायला सांगितलं तर शांतपणे सांगा, "उभं राहता येत नाही, बसल्या जागी तपासा." हाताने चाचपून आणि खुर्चीवर स्वॅब फिरवून तपासणी होते. आडोसा मागता येतो. ऑक्टोबर 2021मध्ये अभिनेत्री आणि नृत्यांगना सुधा चंद्रन यांनी, दर वेळी विमानतळावर कृत्रिम पाय काढायला लावतात म्हणून व्हिडिओ टाकला होता. सीआयएसएफने जाहीर माफी मागितली. त्या प्रसिद्ध आहेत म्हणून माफी आली, हे खरं. पण त्यामुळे निदान हा विषय घराघरात पोचला.

आता आईच्या मनातला खरा प्रश्न: काही झालं तर? विमानाला परवानगी देताना एक चाचणी घेतात. पूर्ण भरलेलं विमान, निम्मी दारं बंद, अंधार, आणि सगळे 90 सेकंदांत बाहेर. त्या चाचणीत व्हीलचेअर वापरणारं कोणी नसतं. खऱ्या अपघातात वेळ वेगळाच लागतो. जानेवारी 2024मध्ये टोकियोच्या हानेदा विमानतळावर पेटलेल्या विमानातून 379 जण जिवंत बाहेर आले, त्याला सुमारे 18 मिनिटं लागली. ते वाचले ते क्रूच्या तयारीमुळे. तुमच्या बाबतीतही तयारी म्हणजे बोलणं. सगळ्यांना दाखवतात त्या सुरक्षा सूचना तुम्हाला वेगळ्या, समोर बसून सांगण्याची तरतूद नियमात आहे. तेव्हा विचारा: सगळ्यात जवळचं दार कुठलं, मला कोण उचलणार, कसं धरलं तर मला इजा होणार नाही. इमर्जन्सी दाराच्या रांगेत जागा मिळणार नाही, आणि बहुधा खिडकीची देतील. हे अपमानासाठी नसतं. वाट मोकळी राहावी म्हणून असतं. मला हा नियम पटतो. जो पटत नाही तो म्हणजे 'सोबत कोणी असल्याशिवाय नेणार नाही' हा हट्ट. स्वतःचं स्वतः करू शकणाऱ्या माणसावर सोबतीची सक्ती करता येत नाही.

कायदा आपल्या बाजूला कसा आला

19 फेब्रुवारी 2012. जिजा घोष कोलकात्याहून गोव्याला निघाल्या होत्या, एका परिषदेसाठी. परिषद भरवली होती मुंबईच्या 'अडॅप्ट'ने, म्हणजे पूर्वीच्या स्पास्टिक्स सोसायटीने. जिजाताईंना सेरेब्रल पाल्सी आहे. त्या सीटवर बसल्या होत्या आणि त्यांना स्पाइसजेटच्या विमानातून खाली उतरवलं. कागद नाही, डॉक्टर नाही. त्या आणि 'अडॅप्ट' सर्वोच्च न्यायालयात गेले. 12 मे 2016ला निकाल लागला: 10 लाख रुपये भरपाई.

तरीही मे 2022मध्ये रांचीला एका दिव्यांग मुलाला इंडिगोने चढू दिलं नाही. 5 लाख दंड झाला आणि त्यानंतर डीजीसीएने नियम घट्ट केला. आता अपंगत्व आहे म्हणून नाकारता येत नाही. प्रवासात तब्येत बिघडेल असं कंपनीला वाटलं तर डॉक्टरने समोर तपासून मत द्यायचं. त्यानंतरही नकार दिला तर कारणासह, लेखी, लगेच. हा नियम शोधायचा असेल तर: सिव्हिल एव्हिएशन रिक्वायरमेंट्स, सेक्शन 3, सिरीज एम, पार्ट 1. पीडीएफ मोबाइलमध्ये ठेवा. काउंटरवर नियमाचं नाव घेतलं की आवाज न चढवता काम होतं.

याच नियमात आहे की टर्मिनलबाहेरच्या फुटपाथपासून विमानापर्यंत आणि परतताना विमानापासून टर्मिनलच्या दारापर्यंत नेण्याची जबाबदारी कंपनीची, जादा पैसे न घेता. पुणेकरांनी 'दारापर्यंत' हा शब्द नीट ऐकावा. आपल्याकडे ॲपवरून बुक केलेली कॅब मिळते एरोमॉलमध्ये. दार आणि एरोमॉल यांच्यामधला तुकडा कोणाच्याच नियमात नाही. गोल्फ कार्ट फिरतात, पण घडी न होणारी खुर्ची आणि चालता न येणारा माणूस तिथे कसे चढणार? त्यापेक्षा उतरायच्या आधीच घरच्या गाडीला किंवा ओळखीच्या ड्रायव्हरला थेट टर्मिनलसमोर यायला सांगा. मेट्रोने जायचं तर सगळ्यात जवळचं स्टेशन रामवाडी, आणि तिथून पुढे पुन्हा रस्ताच.

आणि परत येताना एक लक्षात असू द्या. खुर्ची सामानाच्या पट्ट्यावर नको, विमानाच्या दाराशीच हवी, हे चढतानाच सांगून ठेवा. हातात आली की आधी चाक, ब्रेक, जॉयस्टिक तपासा. काही मोडलं असेल तर बाहेर पडू नका. कंपनीच्या काउंटरवर पीआयआर, म्हणजे सामानाच्या नुकसानीचा अर्ज, भरून त्याची प्रत घ्या. बाहेर गेल्यावर 'आमच्याकडे नाही मोडलं' हे ऐकावं लागतं. परदेशी प्रवासात नुकसानीची लेखी तक्रार 7 दिवसांच्या आत जायला हवी. कंपनीने दाद दिली नाही तर 'एअरसेवा' ॲपवर तक्रार टाका, आणि तरी नाहीच तर दिल्लीला दिव्यांगजनांच्या मुख्य आयुक्तांकडे. राज्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय आपल्या पुण्यातच आहे, पण विमान हा केंद्राचा विषय, त्यामुळे अर्ज दिल्लीला करायचा.

ताई, भावाला इंटरव्ह्यूसाठी शुभेच्छा. आईला हा भाग ऐकव, आणि फोन उद्याच कर, 48 तासांची वाट बघू नकोस.